त्राटिकेच्या घरी

स्पेनला निघालेल्या मराठी कुटुंबाच्या यादीत दोन-तीन शहरं, एखादं फुटबॉलचं मैदान आणि फ्लामेंकोची एक रात्र ठरलेली असते. आमच्याही यादीत होती. ‘लहान मुलांना न्यायचं कसं?’ हा प्रश्न मात्र तिकीट काढताना पडला. कार्यक्रम रात्री उशिरा, मुलगी दहा वर्षांची, मुलगा सहाचा, आणि जेवण झालं की मान टाकणारा.

ग्रानादा शहराच्या कडेला साक्रोमोन्तेचा डोंगर आहे. त्याच्या पोटात कोरलेल्या गुहांमध्ये हितानो लोकांची, म्हणजे स्पेनमधल्या रोमा लोकांची, जुनी वस्ती होती. त्यांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी वायव्य भारतातून निघाले, हे भाषेच्या अभ्यासकांनी केव्हाच दाखवून दिलं आहे. त्यातल्या एका गुहेत आम्ही बसलो. चुना दिलेल्या भिंती, छताला टांगलेली तांब्याची भांडी, दोन्ही भिंतींना लागून खुर्च्यांची एकेक रांग आणि मधल्या अरुंद जागेत नाच. नाचणारीची टाच आपटली की ठोका खुर्चीच्या पायांतून आपल्या अंगात येतो. गाणाऱ्या बाईचा आवाज ऐकून मुलाने मोठ्याने विचारलं, “ती का रडतेय?” कोणी वळून डोळे वटारले नाहीत. शेजारच्या स्पॅनिश आजीने त्याचे दोन्ही हात धरले आणि त्याला टाळ्यांचा ताल शिकवायला घेतलं. तो तासभर जागा राहिला.

परत आल्यावर ही हकीकत मी कौतुकाने माझ्या मावसबहिणीच्या मैत्रिणीला सांगत होते. ती मोखाडा तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत शिक्षिका आहे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “एवढ्या लांब गेलात. कसाऱ्याच्या पुढे आला आहात का कधी?” नव्हतो आलो. होळीनंतर बोहाडा, म्हणजे मुखवटे घालून नाचवायच्या सोंगांचा उत्सव, असतो, तेव्हा या, असं ती म्हणाली. तिथे राहायची सोय काय, असं मी विचारलं, तर तिने माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं. “घरं आहेत की,” ती म्हणाली.

त्या घरांपैकी एका घराविषयी मला लिहायचं आहे. ती माणसं प्रसिद्ध नाहीत, म्हणून नावं घालत नाही. आम्ही त्यांना आजी, दादा आणि वहिनी म्हणत होतो, तेवढं पुरे.

आधी जव्हारला थांबलो. मुकणे राजांचं हे संस्थान १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झालं. त्यांचा जयविलास राजवाडा गावाबाहेर झाडीत उभा आहे. सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराज जिथे थांबले असं सांगतात, ते शिरपामाळही पाहिलं. मुलांनी दोन्ही ठिकाणी ‘आता काय?’ असं विचारलं. जव्हारजवळ रामखिंडीला मुखवटे करणारी घरं आहेत, तिथे मात्र दोघं हलेनात. कागदाचा लगदा, त्यावर रंगाचे हात, उन्हात ओळीने वाळत ठेवलेली राक्षसांची तोंडं. डोळे अजून न काढलेला एक रावण मुलाला फार आवडला.

पुढचा रस्ता वळणांचा. गावात पोचलो तेव्हा मुलगा पांढराफटक पडला होता, आणि आजींच्या अंगणात पाय ठेवल्या ठेवल्या त्याने ओकारी केली. कपडे, चपला, अंगण, सगळं माखलं. मी पिशवीतून कागदी रुमाल काढत होते, तोवर आजींनी पडवीतला हंडा उचलून घमेल्यात रिकामा केला. भरलेला हंडा, सगळाच्या सगळा. मी “असू द्या, असू द्या” म्हणत राहिले. “लेकराला आधी धू, मग बोल,” त्या म्हणाल्या. त्याला अंघोळ घातली, कपडे खळबळले, उरलेलं पाणी अंगणातल्या मिरचीच्या रोपांना गेलं. त्या हंड्याची किंमत तेव्हा मला कळलेली नव्हती.

घर कारवीच्या कुडाचं, शेणाने लिंपलेलं. मधल्या खांबाला, पोराच्या हाताला लागणार नाही इतक्या उंचीवर, एक मोठा मुखवटा लाल फडक्यात बांधून ठेवला होता. ती त्राटिका. ज्याच्या घराण्याकडे जे सोंग आलं, ते त्याने नाचवायचं, हा इथला रिवाज. दादांच्या वडिलांनी त्राटिका नाचवली, आता दादा नाचवतात. दिवाळीनंतर हे कुटुंब भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जातं. मालकाकडून आधी उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत तिथून हलता येत नाही. बोहाड्यासाठी दादा मजुरी बुडवून आले होते. “मालक रागावला असेल,” मी म्हटलं. “रागावला. पण सोंग चुकलं तर बापाला काय सांगू?” ते म्हणाले. बाप जाऊन बरीच वर्षं झाली होती.

दुपारी दादांनी मुखवटा खाली काढला. आधी नमस्कार केला, मग मुलाला म्हणाले, “ये, आतून बघ.” पोराच्या डोक्यावर तो मुखवटा म्हणजे कोठीच झाली. आतल्या बाजूला जुना रंग, घाम आणि उदाचा धूर यांचा वास. सोंगाच्या डोळ्यांतून दिसतच नाही, हे त्याला तेव्हा कळलं. नाचणारा माणूस खालच्या फटीतून पाहतो, तीही पायापुरती, म्हणून प्रत्येक सोंगाबरोबर धरून नेणारा एक जण चालतो. “मग तुम्ही पडत नाही?” “पडतो की. पण राक्षस पडला तर लोक हसत नाहीत, घाबरतात.” मुलांना नाटक दाखवायला नेताना आपण समोरच्या खुर्च्यांची तिकिटं शोधतो. मुखवट्याच्या आतली जागा दादांनी फुकट दाखवली, आणि माझ्या मते त्या भेटीतला सगळ्यात मोलाचा भाग तोच होता.

जेवायला नागलीची भाकरी, उडदाचं वरण आणि खुरासणीची चटणी. मुलीला चटणी तिखट लागली, पण ती बोलली नाही, दोन तांबे पाणी मात्र प्यायली. वहिनींनी दोन्ही वेळा तांब्या भरून दिला.

बोहाडा रंगमंचावर होत नाही. गावाच्या एका टोकाला सोंगं सजतात आणि तिथून मांडवापर्यंत, देवीसमोर, गल्लीतून नाचत येतात. पुढे टेंभे, सांबळ आणि पिपाणी. वाजवणारे सोंगाकडे तोंड करून उलट्या पावलांनी मागे मागे सरकतात. प्रत्येक सोंगाची चाल वेगळी, ठेका वेगळा. गणपती पहिला, मग मोरावरची शारदा, आणि नंतर रात्र चढत जाते तसे देव, दैत्य, रामायणातले, महाभारतातले, पुराणातले एकेक जण. गर्दी दोन्ही बाजूंना, ओट्यांवर, दगडांवर, छपरांवर. मुलं सगळीकडे. काही पेंगत होती, काही आईच्या मांडीवर गाढ, आणि एखादं मोठं सोंग आलं की कोणीतरी त्यांना हलवून उठवत होतं. पाहिलं की पुन्हा झोप. ‘मुलं जागतील का?’ ही माझी चिंता तिथे कुणालाच कळली नसती. माझ्या मुलालाही आजींनी गोधडीत गुंडाळून एका ओट्यावर आडवं केलं आणि सांगितलं, “तुझी त्राटिका आली की उठवते.”

मुलीचं वेगळंच चाललं होतं. सगळी सोंगं पुरुषच नाचवतात, त्राटिकासुद्धा, शारदासुद्धा, हे तिच्या लक्षात आलं आणि तिने आजींना जाब विचारला. आजी जराही गडबडल्या नाहीत. “पहाटंला बघ. एवढे राक्षस आले, शेवटी मारतं कोण? देवीच ना?” मुलीचं त्याने समाधान झालं नाही. माझंही झालं नाही. पण आजींशी वाद घालण्याची ती वेळ नव्हती.

मध्यरात्र उलटून गेल्यावर आजी उठल्या. घरी निघाल्या असतील असं वाटलं, म्हणून मी सोबत गेले. घरी नव्हे, त्या दोन हंडे घेऊन विहिरीवर निघाल्या होत्या. “रातीला गर्दी नसते. झरा साचतो तोवर,” त्या म्हणाल्या. उन्हाळ्यात टँकर येतो, तो विहिरीत पाणी ओततो आणि मग सगळं गाव भरतं. टँकर नाही त्या दिवशी तळाशी जे पाझरतं ते. एक पोरगी आत उतरून वाडग्याने पाणी कळशीत भरत होती, दुसरी दोराने वर ओढत होती. मी मोबाइलचा उजेड धरला, दुसरं काही मला जमण्यासारखं नव्हतं. लांबून सांबळ ऐकू येत होता. एक हंडा भरायला किती वेळ लागतो ते मी उभी राहून पाहिलं, आणि दुपारी घमेल्यात ओतलेला हंडा मला आठवला.

हा पाऊस न पडणारा मुलूख नाही. इथे पाऊस धो धो पडतो आणि डोंगरावरून वाहून जातो. तो अडवलाही जातो, पण दुसऱ्यांसाठी. मोखाडा तालुक्यात कोचाळे गावाजवळ मध्य वैतरणा धरण आहे. त्यातून मुंबईला रोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी जातं. त्याच नदीवर खाली मोडकसागर आणि वर ऊर्ध्व वैतरणा, त्यांचंही पाणी मुंबईला जातं. माझ्या घरी चोवीस तास नाही, पण रोज सकाळी ठरलेल्या वेळी नळाला पाणी येतं, आणि त्याला दाब कमी असला तर मी महापालिकेला तक्रार करते. विहिरीच्या काठावर उभं राहून मी आजींना म्हटलं, “आमचं पाणी इथूनच येतं.” काहीतरी कबूल करावं असं वाटलं असेल. त्या हंडा डोक्यावर घेत म्हणाल्या, “ठावं हाय. माझा थोरला धरणाच्या कामावर होता.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं.

परत आलो तेव्हा त्राटिका गल्लीत शिरत होती. आजींनी हंडे वहिनींच्या हवाली केले आणि आधी मुलाला उठवलं. टेंभ्याच्या उजेडात तो मुखवटा दुपारी पाहिलेला राहिलाच नव्हता. मुलगा घाबरला, मला बिलगला, आणि मग दादांच्या पायांकडे बोट दाखवून म्हणाला, “ते पायांनी बघतायत.” पहाटे देवी आणि महिषासुर यांची झुंज झाली, महिषासुर पडला. तोवर माझी मुलगी एका अनोळखी बाईच्या खांद्यावर डोकं ठेवून उभ्याने पेंगत होती आणि त्या बाईंनी बराच वेळ खांदा हलवला नव्हता.

निघताना मी पाकीट पुढे केलं. दादांनी हात मागे घेतले. मग काय पाठवू, असं विचारल्यावर ते जरा घुटमळले. दर वर्षी लोक येतात, फोटो काढतात, ते सगळे मुखवट्याचे. “माझ्या तोंडाचा एक फोटो दे. कागदावरचा.” तो मी अंगणातच काढला, मोठा करून घेतला आणि शिक्षिका मैत्रिणीकडून पाठवला. आता तो त्याच मधल्या खांबाला, लाल फडक्याच्या खाली लावला आहे, असं तिने कळवलं. एका हंड्याची भरपाई एका फोटोने होत नाही, हे दादांना सांगायची गरज नाही आणि मला विसरायची सोय नाही.

फ्लामेंको २०१० साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेला. त्याच वर्षी पूर्व भारतातला छाऊ नाचही गेला. बोहाडा त्या यादीत नाही. यादीत गेल्याने विहिरीला पाणी लागत नाही, तरी मानाचा भाग असतोच. जव्हारजवळच्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांना तारपावादनासाठी २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली. दुधी भोपळा, बांबू आणि ताडाचं पान यांतून निघणारा तो सूर भात कापणीनंतरच्या दिवसांत ऐकायचा असतो. दादांनी त्यासाठीही बोलावलं आहे. मुलीने होकार देऊन टाकला, मला न विचारता. तारप्याच्या नाचात बायका फेर धरतात, हे तिने आधीच काढून घेतलं होतं.

तुम्ही मुलांना घेऊन बोहाड्याला जाणार असाल तर होळीनंतर जा, तारीख गावातल्या माणसाला विचारूनच ठरवा, कारण ती गावागणिक वेगळी असते. मुलांना दुपारी झोपवा. सोंगाच्या तोंडावर फ्लॅश मारू नका, आतल्या माणसाला आधीच काही दिसत नसतं. आणि पाणी आपलं आपण न्या, पिण्याचंही आणि धुण्याचंही. गाडीत दोन मोठे कॅन सहज मावतात.