पाच ते सहा

हे लिहीन लिहीन म्हणता बरेच दिवस गेले. परवा पुण्याहून भाच्याचा फोन आला. त्याच्या सासऱ्यांना घरी न्यायला डॉक्टरांनी सांगितलंय. (म्हणजे काय ते आपल्याला कळतंच.) तो विचारत होता, "मामा, मामीच्या वेळी येणाऱ्याजाणाऱ्यांचं तुम्ही काय केलंत हो? इथे बेल थांबत नाही." मी फोनवर त्याला दोन-चार सूचना दिल्या. शिक्षकाला सूचना देणं सोपं जातं. रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटलं, खरं ते सांगितलंच नाही. म्हणून आता लिहितो. नातेवाईकांपैकी एखाद-दोघांना राग येईल. येऊ दे.

आमच्या हिला २०२२ च्या आषाढात घरी आणलं. मुंबईच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की आता आजारावर इलाज नाही, त्रासावर आहे. अशा रुग्णांसाठी वेगळ्या जागा असतात हे तोवर मला ऐकूनच माहीत. वांद्र्याला माउंट मेरीच्या टेकडीवर शांती अवेदना सदन आहे, १९८६ साली सुरू झालेलं, देशातलं पहिलं हॉस्पिस. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून आहे. दोन्हीकडे रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. मुलीने दोन्हीकडची माहिती काढली होती. पण ही म्हणाली, "मला माझ्या पडवीजवळ न्या." विषय संपला. पडवीला लागून जी खोली आहे तिथे खाट टाकली. तिथून समुद्र दिसत नाही, पण पावसाळ्यात रात्री गाज ऐकू येते.

आमच्या ओळखीच्या एक डॉक्टरबाई आठवड्यातून एकदा येत, आणि दर दोन दिवसांनी नर्सबाई. मॉर्फिनच्या गोळ्या दर चार तासांनी. वेदना उठल्यावर द्यायची नाही, उठायच्या आधी द्यायची, घड्याळ लावून. गोळी घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने हिचा चेहरा सैल व्हायचा, मग तासभर ही आमचीच असायची. थट्टा करायची, पाऊस किती झाला विचारायची. पुढे डोळा लागायचा. म्हणजे अख्ख्या दिवसात हिच्याजवळ शिल्लक वेळ किती, तर दोन-तीन तास. आणि नेमके तेच दोन-तीन तास मागायला माणसं येत.

आपल्याकडे आजाऱ्याला बघायला जाणं हे कर्तव्य आहे आणि कोकणात तर ते काटेकोर पाळलं जातं. कुणी शहाळी आणायचे, कुणी मोसंबी, कुणी अंगारा. कुणी गव्हांकुरांचा रस सुचवायचे. एक बाई खाटेशेजारी बसून त्यांच्या जावेला अगदी हेच कसं झालं होतं आणि ती कशी गेली ते तपशीलवार सांगून गेल्या. दुसरे एक गृहस्थ दारातच, हिला ऐकू जाईल अशा आवाजात, "एकदा शेवटचं बघून घ्यावं म्हटलं" असं म्हणाले. त्यांनी जाताना मला थिबा राजवाड्याची वेळही विचारली, मुंबईची मंडळी बरोबर होती म्हणून. ब्रह्मदेशाचा तो राजा १८८६ पासून तीस वर्षं रत्नागिरीत कैदेत होता, १९१६ मध्ये इथेच वारला. त्याला भेटायला कोण येत असेल, असा विचार तेव्हा उगाच मनात येऊन गेला.

तर मी शाळेत जे छत्तीस वर्षं केलं तेच केलं. वेळापत्रक. एका पाटीवर सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'भेटीची वेळ सकाळी १० ते ११, सायंकाळी ५ ते ६. एका वेळी दोघेच.' पाटी पडवीच्या खुंटीला टांगली. खाली स्टुलावर वही आणि पेन ठेवलं, ज्यांना भेटता आलं नाही त्यांनी दोन ओळी लिहाव्यात म्हणून. रात्री मी ती वही हिला वाचून दाखवायचो. जुन्या विद्यार्थ्यांच्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुकाही सांगायचो, तेव्हा ही म्हणायची, "अहो, आता तरी सोडा." वहीची कल्पना चांगलीच होती. भाच्यालाही मी तीच सांगितली.

गणपती जवळ आले. त्या वर्षी चतुर्थी ३१ ऑगस्टला होती, आणि करोनाची दोन वर्षं गेल्यावर चाकरमानी नुसते लोटले होते. प्रत्येकाच्या मनात एकच, आलोच आहोत तर वहिनींना भेटून जाऊ. मी पडवीत खुर्ची टाकून बसायला लागलो. माझ्याइतका कडक पहारेकरी तुम्ही पाहिला नसेल. एक मात्र कबूल करतो, त्यात मला बरं वाटत होतं. आत काही करता येत नव्हतं, दारात येत होतं.

एक दिवस नर्सबाई वही चाळत होत्या. म्हणाल्या, "सर, कुणाला सोडायचं, कुणाला नाही, हे बाईंनी सांगितलंय का?"

मी म्हटलं, "तिला कशाला त्रास?"

त्या काही बोलल्या नाहीत. हात धुतले आणि आत गेल्या. मी मात्र त्या संध्याकाळी हिला विचारलं. वाटलं होतं, "तुम्ही ठरवाल ते" म्हणेल. पण हिने क्षणभरही विचार न करता नावं सांगितली. यादी आधीपासून तयार होती, विचारणारा तेवढा नव्हता.

पहिलं नाव मासेवालीचं. मिरकरवाड्याहून गेली वीस वर्षं आमच्या दारात टोपली उतरवणारी. मला घाम फुटला, कारण ती जुलैत येऊन गेली होती आणि मी तिला गेटवरूनच परत पाठवलं होतं. हिला वास सहन होणार नाही अशी माझी समजूत. आता १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ती टोपली घेऊन आलीच नव्हती. ती मुद्दाम आली होती. एवढं माझ्या लक्षात यायला हवं होतं.

दुसरं नाव शेजारच्या काकूंचं. त्यांचं आमचं बांधावरच्या फणसावरून चौदा वर्षं बोलणं नव्हतं. तिसरं नाव हिच्या पावसच्या मैत्रिणीचं, आणि चौथं नव्हतंच. उलट म्हणाली, "भाऊ नको. तो येतो नि रडतो, मग मलाच त्याची समजूत काढावी लागते. आता नाही हो जमत."

मी मिरकरवाड्याला जाऊन मासेवालीला शोधून आणलं. ती खाटेशेजारी जमिनीवर बसली. दोघी काही वेळ गप्प. मग ही म्हणाली, "आज काय आणलंयस?" बांगडे होते. हिच्या पोटात तेव्हा चार चमचे पेजसुद्धा ठरत नव्हती, पण भावावरून दोघींची दहा मिनिटं जुंपली. हिने तीस रुपये कमी करून घेतले. बांगडे मी आणि मुलीने खाल्ले. इतकी हसलेली मी हिला त्या दोन महिन्यांत पाहिली नाही.

काकूंकडे जाताना पाय जड झाले होते. पण त्या नुसतं "आले" म्हणाल्या आणि बांध ओलांडून आल्याही. फणसाचा विषय दोघींपैकी कुणीही काढला नाही. त्यानंतर त्या रोज दुपारी तासभर येऊन बसत, म्हणजे मला आंघोळ आणि दोन घास निवांत. पुढे दोन रात्रीही जागल्या. नंतर मी वाचलं की केरळात १९९३ साली कोळिकोडला असं काम सुरू झालं, आणि पुढे तिथे वस्तीवस्तीतल्या साध्या माणसांनाच शिकवून तयार केलं गेलं. शेजारीच आजाऱ्याच्या घरी जातात, अंग पुसतात, औषधं आणून देतात. म्हणजे भेटायला येणाऱ्याच्या हाताला काम दिलं. आम्ही त्याच्या हातात वहीचं पेन दिलं होतं.

मेहुण्यांचं सांगतो. ते गौरीच्या दुसऱ्या दिवशी दादरहून आले. मी त्यांना पडवीत बसवून पाणी दिलं आणि हिने जे सांगितलं ते सांगितलं, शक्य तितक्या मऊ शब्दांत. ते शब्द मऊ नसतातच. ते उठले आणि निघून गेले. माझ्याशी आजतागायत बोललेले नाहीत. तिचं म्हणणं माझ्याच डोक्यातून आलं असं त्यांना वाटतं. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही तसंच वाटलं असतं. पण मी हिला विचारलं होतं, आणि विचारल्यावर ऐकायला हवं होतं.

राहिली पावसची मैत्रीण. हिच्याबरोबर सातवीपर्यंत एका बाकावर बसलेली. वही मागे चाळली तर तिचं नाव सापडलं, श्रावणातल्या एका दुपारचं. 'आले होते. आमसुलं ठेवली आहेत. पुन्हा येईन.' दुपारी दीडला आली होती. मीच पाटीकडे बोट दाखवलं होतं. वीसेक किलोमीटर एसटीने आलेली बाई पाचपर्यंत थांबली असती तर परतायला रात्र झाली असती, म्हणून ती दोन ओळी लिहून गेली. तो मजकूर मी रात्री हिला वाचून दाखवला होता का? हल्ली मी पुष्कळदा आठवून बघतो. बहुतेक त्या रात्री हिला झोप लागली होती, आणि दुसऱ्या दिवशी मी नवीन पानापासून सुरुवात केली असावी.

मी पावसला गेलो तर घराला कुलूप. ती लेकीच्या बाळंतपणासाठी विरारला गेली होती. शेजाऱ्यांकडून नंबर मिळवून फोन लावून दिला. हिचा आवाज तोवर अगदी बारीक झालेला. पलीकडून ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, ही फक्त "हो" म्हणत राहिली, आणि शेवटी "आमसुलं मिळाली गं."

ही सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी, पहाटे गेली. मुलगी आणि काकू जवळ होत्या. मी गोळीची वेळ झाली म्हणून पाणी आणायला उठलो होतो.

पाचव्या दिवशी दुपारी, दीडच्या सुमारास, गेटची कडी वाजली. मैत्रीण होती. हातात पिशवी, चपला काढून पायरीखालीच उभी.

"भाऊजी," ती म्हणाली, "आता आत आले तर चालेल ना?"

पाटी अजून खुंटीलाच होती.