दुर्बिणीजवळची बहीण

पाथर्डीच्या उन्हाळी रात्री वीज गेली की आम्ही भावंडे गच्चीवर सतरंजी अंथरून पडत असू. सप्तर्षी ओळखावयास आम्हास ताईनेच शिकविले. पुढे आम्ही नगरच्या वसतिगृहात गेलो. ताईची शाळा सातवीतच सुटली. घरात एकाच्याच शिक्षणापुरते पैसे होते, आणि तो एक कोण, हे कोणी विचारले नाही. आम्हीही नाही. विल्यम आणि कॅरोलाइन हर्शेल या खगोलज्ञ भावंडांचे चरित्र वाचताना म्हणूनच आम्ही जागोजागी अडखळलो.

ही भावंडे जर्मनीतील हॅनोव्हरची. बालपणीच्या तापाने कॅरोलाइनची वाढ खुंटली. उंची जेमतेम सव्वाचार फूट. तिचा जन्म घरकामातच सरावयाचा, पण १७७२ साली विल्यमने तिला इंग्लंडमधील बाथ येथे नेले. तेथील चॅपलमध्ये तो ऑर्गन वाजवीत असे. त्याने तिला गायन शिकविले; हॅन्डेलच्या रचना ती लोकांपुढे गाऊ लागली. मग विल्यमला दुर्बिणींचे वेड लागले. आरसा घासताना त्याचे हात मोकळे नसत, तेव्हा ती त्याला घास भरवी. १३ मार्च १७८१ रोजी त्याने युरेनस शोधला आणि राजाश्रय मिळाला.

रात्री तो दुर्बिणीतून पाहून सांगे, ती टिपून घेई. दिवसा गणिते तिचीच. ३१ डिसेंबर १७८३ च्या रात्री बर्फात धावताना ती घसरली आणि लोखंडी आकडा मांडीत घुसला. मांसाचा लचका तुटला. तिला समाधान कशाचे? उरलेली रात्र आभाळ भरून आले, म्हणून भावाचे नुकसान झाले नाही! येथे आम्ही पुस्तक मिटून ठेवले.

१ ऑगस्ट १७८६ रोजी, भाऊ परदेशी असताना, तिने स्वतःचा पहिला धूमकेतू शोधला; पुढे एकूण आठ. १७८७ साली राजाने वर्षाला ५० पौंड लावून दिले. स्वतःचे म्हणावेत असे ते पहिले पैसे. १७८८ मध्ये विल्यमचे लग्न झाले, ती वेगळ्या बिऱ्हाडी गेली. त्यानंतरच्या सुमारे दहा वर्षांची दैनंदिनी तिने पुढे स्वहस्ते नष्ट केली. १८२२ मध्ये भाऊ निवर्तल्यावर ती हॅनोव्हरला परतली आणि भाचा जॉन याच्यासाठी अडीच हजार तेजोमेघांची यादी रचली. १८२८ साली तिला रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. ती ९७ वर्षे जगली.

गेल्या मे महिन्यात गच्चीवर ताईस हे सारे सांगितले. धूमकेतूंचे तिला फारसे नवल वाटले नाही.

“आणि तिचं गाणं रे?” तिने विचारले.

“ते बाथ सोडलं तेव्हाच सुटलं.”

ताई उठली आणि सतरंजी झटकू लागली.