बंडीतली पावती

काशीदच्या आमच्या घरात बंदूक होती. आम्ही भावंडं एकत्र जमलो की तिचा विषय निघतोच. दादा तिच्याबद्दल छाती काढून बोलतो, ताई तो विषय लवकर संपवू पाहते. मला मात्र बंदुकीआधी तिचा परवाना आठवतो. देवघरातल्या फळीवर, सातबाऱ्याच्या उताऱ्यांबरोबर, तेलकट कापडात बांधलेलं ते पुस्तक. त्यातल्या जुन्या शिक्क्यांवर कुलाबा जिल्हा होता आणि १९८१ नंतरच्या शिक्क्यांवर रायगड. त्या पुस्तकाला हात लावायचा तर आधी पाय धुऊन यावं लागे.

बंदूक ठासणीची, एकनळी. पिकाच्या राखणीसाठी अशी बंदूक बाळगायची मुभा १९५९ च्या शस्त्र कायद्यातच आहे, आणि आबांचा, म्हणजे आमच्या आजोबांचा, परवाना त्यातलाच होता. वरच्या वरकसात आमची नाचणी आणि वरी, खाली खाचरात भात, भात निघालं की वाल. डुकरांचा कळप एका रात्रीत वाल असे उकरून टाकायचा की सकाळी आजी बांधावर नुसती बसून राहायची. मग आबा माळ्यावर राखणीला जायचे. बहुतेक वेळा ते कळप उधळायला हवेत बार काढायचे. गजाने दारू ठासल्याचा ठक् ठक् आवाज, आम्हाला दहा हात लांब उभं केलेलं, मग तो दणका आणि पाठोपाठ अंगणभर गंधकाचा वास. दिवाळीच्या फटाक्यांचं अप्रूप आम्हाला कधी वाटलंच नाही.

गावात आम्ही ‘बंदूकवाले’. आत्याच्या लग्नात तिच्या सासरकडच्यांनी हे कौतुकाने सांगितलं होतं, कारण ज्याच्यावर सरकारने इतका विश्वास टाकला ते घर सरळच असणार, असा तेव्हाचा हिशेब होता. पणजोबा जंजिऱ्याच्या नवाबाच्या शिकारीत हाका घालायला जात. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं आणि हाक्याला जाणाऱ्याच्या मुलाच्या नावावर बंदूक झाली, याचं आबांना फार वाटे. तरी ते म्हणायचे, “बंदूक माजी नाय, सरकारची हाय. माजं नुसतं नाव हाय.”

पण त्या नावाने त्यांना घराला बांधून टाकलं होतं. परवाना आमच्या शेतापुरता. बंदूक घेऊन गाव सोडायचं नाही, आणि दुसऱ्या कुणी तिला हात लावायचा नाही. त्यामुळे ती घरात टाकून जायला आबांचा जीव होत नसे. काकाच्या परळच्या खोलीत सगळं घर गणपतीला जायचं. साळावचा पूल व्हायच्या आधी होडीतून खाडी ओलांडून रेवदंडा, तिथून एस.टी.ने अलिबाग, मग रेवसहून लाँच पकडून भाऊचा धक्का. आबा मात्र गावातच थांबायचे. आम्हाला वाटायचं, त्यांना मुंबई आवडत नाही.

एकदाच ते लांब गेले, आजीला घेऊन पंढरपूरला. त्याआधी बंदूक घोंगडीत गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा केली आणि पावती बंडीच्या आतल्या खिशात ठेवली. चंद्रभागेत उतरताना त्यांनी ती आजीच्या हातात दिली. आजीने ती मुठीत धरून ठेवली आणि नवऱ्याचं स्नान उरकेपर्यंत स्वतः कोरडीच उभी राहिली. हे आजीनेच आम्हाला सांगितलेलं.

निवडणुका आल्या की असंच. बंदूक ठाण्यात, पावती खिशात. ते दिवस आबा रात्री अंगणात येरझारा घालत. डोंगरातून डुकरांची चाहूल यायची आणि हाताशी असायचा फक्त पत्र्याचा डबा.

काकाची गोष्ट ताई नेहमी शेवटी काढते. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि काकाचं साचाखातं बंद पडलं ते कायमचंच. त्याला कुणीतरी सांगितलं, पहारेकऱ्यांमध्ये ज्याची स्वतःची परवान्याची बंदूक असते त्याला पगार जास्त. काका रात्रीच्या गाडीने काशीदला आला. आबा त्याला काय म्हणाले ते आम्ही पडवीत झोपेचं सोंग घेऊन ऐकलं. पिकाच्या राखणीची बंदूक मुंबईत चालत नाही, आणि माझी तुला देता येत नाही. काका म्हणाला, “आबा, मला कळतंय.” आणि मग बराच वेळ दोघंही काही बोलले नाहीत. त्याने स्वतःच्या नावाने अर्ज केला. एका कचेरीत विचारलं गेलं, कायमची नोकरी आहे का? नोकरीसाठीच परवाना हवा होता, आणि परवान्यासाठी नोकरी विचारत होते. शेवटी हातात काठी घेऊन तो वीस वर्षं एका इमारतीच्या दाराशी बसला. आबांनी त्याला ‘नाही’ म्हटलं ते बरोबरच होतं, हे आम्हाला कळतं. तरीही ती रात्र आम्हाला अजून सलते.

१९८६ मध्ये आमच्या डोंगरामागचं नवाबाचं शिकारीचं रान फणसाड अभयारण्य झालं. वन्यजीव कायद्याचं चौतिसावं कलम सांगतं की अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने वनखात्याकडे नाव नोंदवायचं. आबांनी नोंदवलं. रान राखलं गेलं याचा मला मनापासून आनंद आहे, शेकरू पाहायला मी मुलांना घेऊन जाते. पण डुकरांना हद्द कळत नाही, आणि आबांना ती पुरती कळली होती. त्यानंतर बार क्वचितच निघाला.

मग १९९३ आलं. जानेवारी-फेब्रुवारीत दिघी आणि शेखाडीच्या किनाऱ्यावर शस्त्रं आणि आरडीएक्स उतरलं, १२ मार्चला मुंबई हादरली. दिघी आमच्यापासून खाली, राजपुरीच्या खाडीपलीकडे. पण मुंबईत आमच्या मुरूड तालुक्याचं नाव सांगितलं की समोरचा क्षणभर थांबायचा. ताईला पाहायला आलेल्यांनी चहा घेता घेता विचारलं, “घरात बंदूक आहे म्हणे?” प्रश्न आत्याच्या वेळचाच, पण आता त्यात कौतुक नव्हतं. आबा उठले, फळीवरून पुस्तक आणलं आणि एकेक शिक्का त्यांना दाखवू लागले. दर तीन वर्षांनी अलिबागला जाऊन केलेलं नूतनीकरण, एकही खाडा नाही. पाहुणे “हो, हो” म्हणत राहिले. त्यांच्याकडून होकार आला नाही.

आबा गेले तेव्हा बंदूक पुन्हा ठाण्यात गेली, आणि या वेळच्या पावतीवर दादाची सही होती. वारसाला स्वतःच्या नावाने परवाना मागता येतो. पण दादा जहाजावर, मी पनवेलला, काका थकलेला. आणि राखायचं तरी काय? वरकस पडीक, खालच्या खाचरांवर पर्यटकांच्या खोल्या. आम्हाला बंदूक नको, असं लिहून देताना दादाचा हात थांबला. ताईने कागद घेतला आणि आधी तिनेच सही केली.

जून २०२० च्या निसर्ग वादळात मागच्या पडवीची कौलं उडाली, फळी मात्र शाबूत राहिली. परवान्याच्या जागी आता आत्याची औषधं असतात. माहेरच्या त्या घरात ती एकटी राहते. डुकरं आता थेट अळवापर्यंत येतात. फोनवर बोलता बोलता ती म्हणते, “थांब गो जरा,” आणि मला पनवेलमध्ये डब्याचा आवाज ऐकू येतो.