पतंग सारखेच, कीड वेगळी

२०१७ च्या हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात गुलाबी बोंडअळीने पऱ्हाटी पोखरून काढली. तेव्हापासून कामगंध सापळे लावल्याशिवाय आमचा एकही हंगाम गेला नाही. पेरणीला दीड महिना झाला की एकरी दोन सापळे, शेंड्यापेक्षा फूटभर उंच. गंधगोळीला मादीचा वास असतो, म्हणून पिशवीत सापडतात ते फक्त नर. सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ पतंग आले की नुकसानीची पातळी गाठली, असं धरायचं.

एका वर्षी धुऱ्याच्या अलीकडे दीडशे दिवसांचं वाण होतं, पलीकडे सहा महिने चालणारं. सकाळी पिशव्या सोडून पतंग मोजायचं काम सासूबाईंचं आणि माझं. दोन्हीकडे आकडे जवळपास सारखेच. नोव्हेंबरच्या शेवटी मात्र बोंडं फोडून पाहिली आणि फरक कळला. अलीकडे बहुतेक कापूस वेचून झाला होता, हिरवं बोंड शोधावं लागत होतं. पलीकडचं बोंड बाहेरून धडधाकट, कुठे छिद्र नाही. कारण अळी लहानपणीच आत शिरते आणि बोंड वाढताना ते छिद्र बुजतं. फोडलं तर कप्प्यांमधल्या पडद्याला गोल भोक, सरकी खाल्लेली, आणि कापसात वळवळणारी गुलाबी अळी.

सासूबाई म्हणाल्या, "पतंग तं दोन्हीकडं सारखेच हायेत, मंग कीड इकडंच कावून लागली व?"

नर वासामागे धुरा ओलांडून कुठेही जातो. मादी अंडी घालते ती जिथे कोवळं बोंड आहे तिथे. पतंग फिरताहेत एवढं सापळा सांगतो. त्यांच्या पिल्लांना खायला आहे की नाही, हे वाणावर ठरतं. बीटीचा भरवसा या अळीपुढे उरलेला नाही, त्यामुळे मला तर वाणाचे दिवस हीच पहिली फवारणी वाटते.

डिसेंबरअखेर आम्ही उलंगवाडी करून पऱ्हाट्या उपटल्या, तरी रिकाम्या वावरातल्या सापळ्यात पतंग येतच राहिले. शेजारच्या भाऊजींची फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेली पऱ्हाटी, उभी होती. विहिरीला पाणी आहे, अजून दोन वेचे निघतील, हा त्यांचा हिशोब. कर्ज डोक्यावर असलेल्या माणसाला तो चुकीचा कसा म्हणू?

यंदा बियाणं घेण्याआधी धुऱ्याला धुरा लागलेले आम्ही सगळे एकत्र बसलो. कमी दिवसांचं वाण आणि एकाच आठवड्यात पेरणी, असं बहुतेकांनी कबूल केलं. विहीरवाले भाऊजी अजून तयार नाहीत. त्यांच्याकडे फोडलेली बोंडं घेऊन पुन्हा जायचं आहे.