झाकणाचा हिशेब

डब्याचे झाकण ही विचार करण्याजोगी वस्तू आहे, असे आम्हांस वयाची साठी उलटेपर्यंत कधी वाटले नव्हते. झाकण बसले म्हणजे त्याकडे कोणी पाहत नाही, आणि बसले नाही म्हणजे सारे घर पाहते. यापलीकडे या वस्तूविषयी आमचे काही मत नव्हते. परंतु एका झाकणाने आमची अशी काही फजिती केली की, हिंगोलीच्या मुलांस उभा जन्म गणित शिकविल्याचा जो अभिमान आम्ही उराशी बाळगून होतो, तो अर्ध्या मिलिमीटरच्या फटीतून निसटून गेला. ही हकीकत घराबाहेर आम्ही आजवर सांगितली नाही. ती सांगण्याचे धैर्य आता आले आहे असे नव्हे. पण न सांगण्याचा कंटाळा आला आहे.

आमच्या थोरल्या बहिणीचा एकुलता मुलगा वाळूजच्या एका कारखान्यात प्लॅस्टिकच्या वस्तूंचे साचे करण्याचे काम शिकला, आणि सात-आठ वर्षे तेथे घालवून गावी परतला. हिंगोली हा १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, पाट्या बदलल्या, परंतु कारखान्यात काम करावयाचे म्हणजे मुलाने गाडीत बसून दूर जावयाचे, हा येथील रिवाज मात्र फारसा बदलला नाही. भाचेबुवा उलट्या दिशेने आले याचे आम्हांस कौतुक वाटले, आणि त्याच्या आईस काळजी वाटली. त्याचे म्हणणे साधे होते. आपल्या जिल्ह्यात हळद पिकते. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. ती दळून विकणारे लोक गावोगाव आहेत. मग त्यांनी डबे बाहेरून का आणावेत? बँकेचे कर्ज, आमच्या निर्वाहनिधीतील काही रक्कम आणि अक्काच्या शब्दावर मिळालेली थोडी उसनवारी एवढ्या भांडवलावर एक जुने यंत्र गावाबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत येऊन बसले. वाटेल त्या रूपाची वस्तू त्यातून निघू शकते. फक्त प्रत्येक वस्तूला तिचा साचा लागतो, आणि खरा पैसा त्या साच्यातच असतो.

यंत्राची कल्पना मुळात फार जुनी. अमेरिकेतील हायट बंधूंनी १८७२ साली सेल्युलॉइड वितळवून दट्ट्याने दाबून बाहेर काढण्याचे यंत्र पेटंट केले. बिलियर्डच्या चेंडूंसाठी लागणाऱ्या हस्तिदंताला पर्याय शोधता शोधता हे कुटुंब त्या उद्योगात शिरले होते. १९४६ साली जेम्स हेंड्री याने दट्ट्याच्या जागी फिरता स्क्रू बसविला, आणि आजचे यंत्र त्याच वंशातले आहे. वरच्या नरसाळ्यातून प्लॅस्टिकचा दाणा पडतो, तापलेल्या नळीत स्क्रू त्याला मळतो, वितळवितो आणि पोलादी साच्यात दडपून भरतो. साच्यात पाणी खेळत असते, त्याने माल थंड होतो, साचा उघडतो, आणि झाकण टपकन खाली पडते. दहा-पंधरा सेकंदांचा हा खेळ पाहताना आमच्यासारख्या पोक्त माणसासही तास दोन तास कसे जातात ते समजत नाही.

या खेळामागील गणित भाच्याने आम्हांस प्रथम दाखविले तेव्हा आम्हांस जो आनंद झाला, तो वर्णन करण्यासारखा नाही. आजवर आम्ही मुलांस हौदाला लावलेल्या तोट्यांची आणि कामावरच्या मजुरांची उदाहरणे घातली. त्या तोट्या कोणी पाहिल्या नाहीत, ते मजूर कोणास भेटले नाहीत. येथे मात्र खरे उदाहरण समोर उभे होते. झाकणाचा व्यास ८६ मिलिमीटर. म्हणजे त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५८ चौरस सेंटीमीटर. आत शिरणारा रस दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ३०० किलोग्रॅम दाबाने साचा फाकवू पाहतो असे धरले, तर एका झाकणामागे साडेसतरा टन, आणि एका साच्यात दोन झाकणे म्हणून पस्तीस टन जोर होतो. यंत्राने साचा मिटून धरावयाचा तो याहून अधिक जोराने. स्वयंपाकघरात गृहिणी दोन बोटांनी उचलते ती वस्तू जन्मताना सात-आठ हत्तींचे वजन तोलून धरावे लागते, ही गोष्ट आम्ही त्या आठवड्यात भेटेल त्याला सांगितली. थंड होण्याच्या वेळेचा नियमही असाच मनोहर आहे. जाडी दुप्पट केली तर वेळ दुप्पट लागत नाही, सुमारे चौपट लागतो. तो जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. हळद शिजविताना आमचे शेतकरी गड्डे वेगळे आणि हळकुंडे वेगळी का काढतात, याचे उत्तर आम्हांस त्या दिवशी मिळाले. ते लोक वर्ग करीत नाहीत, पण वर्गाचा धाक ओळखतात.

परंतु सर्वांत नाजूक हिशेब आटण्याचा. वितळलेले प्लॅस्टिक थंड होताना आटते. म्हणून साचा वस्तूएवढा करून चालत नाही, वस्तूहून मोठा करावा लागतो. ही युक्ती एकट्या प्लॅस्टिकची नव्हे. बिडाच्या ओतकामासाठी लाकडी नमुने करणाऱ्या कारागिरांची पट्टीच मुळी खोटी असते. तिच्यावरील फूट खऱ्या फुटाहून सुमारे एक अष्टमांश इंचाने लांब असतो, आणि त्या खोट्या पट्टीने मापले म्हणजे थंड झालेले ओतीव खरे उतरते. आमची आई नवे कापड शिंप्याकडे देण्यापूर्वी एकदा पाण्यातून काढीत असे, आणि शिंपी तरीही शिवणीच्या आत चार बोटे कापड राखून ठेवीत असे. ज्या जिल्ह्यात नरसी आहे, जेथे शिंप्याच्या घरी नामदेवांचा जन्म झाला असे परंपरा मानते, तेथील माणसाला ही गोष्ट शिकवावी लागू नये. आम्हांस लागली.

डब्याच्या तोंडाचा बाहेरचा व्यास ८० मिलिमीटर होता. त्यावर आट्यांचे झाकण सहज फिरावे म्हणून झाकणाचे आतले माप ८०.४० हवे. झाकणाची आतली पोकळी ज्या पोलादी ठोकळ्याभोवती घडते त्यास कारखान्यात कोअर म्हणतात; तेव्हा प्रश्न असा की, कोअर किती मोठा कोरावा? आटण्याचे प्रमाण शेकडा १.५ धरून भाच्याने ८०.४० ला १.०१५ ने गुणले होते. आम्ही ते पाहिले आणि आमच्यातील मास्तर जागा झाला. "अरे, आटते ते साच्याच्या मापाचे शेकडा दीड, वस्तूच्या मापाचे नव्हे. गुणावयाचे नाही, ०.९८५ ने भागावयाचे!" गुणून ८१.६१ येत होते, भागून ८१.६२ आले. सूक्ष्म हिशेब केला तर फरक मिलिमीटरच्या सुमारे दोन शतांशांचा. पण चूक ती चूक. भाच्याने मान तुकविली. त्या क्षणी आम्हांस झालेले समाधान आम्ही आज लपवून ठेवीत नाही. ते त्या दोन शतांशांच्या मानाने फारच मोठे होते.

नंतर तो भीत भीत म्हणाला, "मामा, कोअरला अर्धा मिलिमीटर जास्त ठेवू का? पोलाद घासून कमी करता येतं, चिकटवून वाढवता येत नाही. आमच्याकडे तसाच रिवाज आहे."

आम्ही हसलो. हिशेब बरोबर असेल तर राखून कशाला ठेवावयाचे, आणि राखून ठेवावयाचे तर हिशेब कशाला करावयाचा, असा आमचा प्रतिप्रश्न होता. तो ऐकावयास चांगला वाटतो. ज्याने आपणास त्रैराशिक शिकविले त्याचे त्रैराशिक तपासावे कसे, या संकोचाने तो मुलगा गप्प बसला.

त्या वेळी ओट्यावर आमचे एक शेजारी बसले होते. घरची तीन एकर हळद, आणि शाळा चौथीपर्यंत. ओली हळद पाच क्विंटल निघाली की शिजवून वाळवून साधारण एक क्विंटल हाती लागते, हा हिशेब त्यांच्या घरात पिढीजात. आमचे बोलणे ऐकून त्यांनी विचारले, "सर, हे प्लॅस्टिक सगळ्या जातीचं सारखंच आटतंय का? हळदीत सेलमचा उतारा वेगळा पडतो, दुसऱ्या जातीचा वेगळा."

आम्ही त्यांस सांगितले की, कारखान्यात बनलेली वस्तू आणि जमिनीत उगवलेली वस्तू यांत हाच तर भेद आहे. ते "असंल" म्हणाले आणि उठून गेले.

वास्तविक भाच्याने आम्हांस आधीच सांगितले होते की, डबा पी. पी. चा आणि झाकण एच. डी. चे करावयाचे. आम्ही ते ऐकले होते. परंतु ती दोन नावे म्हणजे एकाच वस्तूचे दोन रंग असावेत, अशा बेफिकिरीने ऐकले होते. डब्यासाठी पाहिलेला दीड टक्काच आम्ही झाकणालाही लावला. एच. डी. हे बरेच अधिक आटते. वितळलेल्या स्थितीत त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या गुंतवळीसारख्या पसरलेल्या असतात. थंड होताना त्या घड्या घालून शिस्तीत एकमेकींजवळ बसतात, आणि एच. डी. मध्ये ही शिस्त पी. पी. पेक्षा अधिक असते. जात, जाडी, दाब, साच्याची उष्णता यांप्रमाणे ते दीडपासून तीन टक्क्यांपर्यंतही जाते. आमच्या झाकणात ते २.२ भरले. त्या हिशेबाने कोअर ८२.२१ हवा होता, आम्ही ८१.६२ चा करविला. परिणाम असा की, झाकण आतून ७९.८२ निघाले आणि ८० च्या तोंडावर ते एक आटा फिरून अडून बसले. दोन शतांश वाचविण्याच्या आनंदात आम्ही अर्ध्या मिलिमीटरहून अधिक घालविले होते. भाच्याने मागितलेला अर्धा मिलिमीटर त्यास दिला असता, तर झाकण ८०.३१ चे उतरले असते आणि बहुधा फिरलेही असते; हा हिशेब आम्ही पुढे कितीतरी रात्री केला, आणि तो प्रत्येक वेळी बरोबर आला.

पहिली चारशे झाकणे पोत्यात भरून कोपऱ्यात पडली. त्यांचे एवढे वाईट वाटले नाही, कारण हे प्लॅस्टिक दळून पुन्हा नरसाळ्यात घालता येते. त्याला दुसरा जन्म आहे. पोलादाला नाही. आटे कोरलेल्या, कडक केलेल्या कोअरवर वेल्डिंगचा थर देणे म्हणजे फाटक्या शालूला ठिगळ. दोन नवे कोअर करविण्यावाचून गत्यंतर नव्हते. पैसे कोठून आणावयाचे याची चर्चा आमच्या देखत झाली नाही. आठ दिवसांनी अक्का घरी आली तेव्हा तिच्या हातात पाटल्या नव्हत्या. काचेच्या बांगड्या तेवढ्या होत्या.

आता जे सांगावयाचे ते सर्वांत अवघड. अक्काने त्या दिवशी आमच्या समोर मुलास चार शब्द सुनावले. सात वर्षे शिकून एक झाकण धड करता येऊ नये, घरात गणिताचे मास्तर असून त्यांस विचारण्याची बुद्धी होऊ नये, असे ती म्हणाली. भाच्याने आमच्याकडे पाहिले नाही. तो एवढेच म्हणाला, "चुकलं माझं." आणि आम्ही, ज्यांनी नक्कल करणाऱ्या मुलांस सत्याचे महत्त्व सांगण्यात कित्येक तास घालविले होते, ते आम्ही समोरच्या चहाचा कप उचलून प्यालो.

याच जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात, लायगो-इंडिया ही वेधशाळा व्हावयाची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २०२३ साली २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांत पडणारा, प्रोटॉनच्या व्यासाच्या सहस्रांशाहूनही लहान असा फरक तेथे मोजतील म्हणतात. वर्तमानपत्रात त्याविषयी काही आले की घरातील मंडळी मोठ्या उत्साहाने आम्हांस वाचून दाखवितात. त्यांचा हेतू चांगला असतो. आम्ही मान हलवितो, आणि त्या वेळी आमच्या डोळ्यांपुढे अक्काचे मनगट येते.

नवे कोअर आले, झाकणे बसली, डबे खपू लागले. आम्ही अक्कास खरे काय ते सांगितले ते भाऊबिजेच्या दिवशी, म्हणजे तब्बल पाच महिन्यांनी. ओवाळून झाल्यावर ताटात घालावयाची रक्कम आम्ही पाटल्यांच्या मानाने मोठी आणली होती. ती पाहून तिने कारण विचारले, आणि मग सांगणे भाग पडले. ती बराच वेळ बोलली नाही. शेवटी म्हणाली, "त्यानं मला का नाही सांगितलं?" या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. रकमेतील अर्धी तिने परत केली आणि म्हणाली की, उरलेली अर्धी मूर्खपणाची नव्हे, पाच महिन्यांची. पाटल्या अजून झालेल्या नाहीत. सोन्याचा भाव त्यानंतर कोठे जाऊन पोहोचला ते वाचकांस ठाऊकच आहे.

न बसणाऱ्या झाकणांपैकी एक आम्ही दळणातून वाचवून आणले. ते आमच्या मेजावर असते. त्यात आम्ही टाचण्या ठेवतो. गेल्या महिन्यात भाच्याने मसाल्याच्या चौकोनी डबीच्या साच्याचा कागद आणला. दाण्याची जात, विकणाराने दिलेला आटण्याचा आकडा, यंत्रावर स्वतः घेऊन पाहिलेला आकडा, असे सारे त्याने वर लिहिले होते, आणि भागाकार केला होता, गुणाकार नव्हे. "मामा, बेरजा तेवढ्या बघा," तो म्हणाला. आम्ही बेरजा पाहिल्या. कोअरच्या मापाशेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरांत ०.५ असे लिहून त्याभोवती वर्तुळ केले होते. आम्ही ते वाचले, आणि कागद त्याच्या हाती परत दिला.