डोक्यावरचा पदर

परवा महागावला सासरी गेले होते. ओट्याशी भाकरी टाकत असताना मोठे भासरे पाणी मागायला आत आले. माझा हात आपोआप डोक्याकडे गेला... आणि लक्षात आलं, अंगात पंजाबी ड्रेस आहे, ओढणीही नाही! भासरे पाणी पिऊन गेले. कुणाला काही वाटलं नाही.

वीस वर्षांपूर्वी असं नव्हतं. आमच्याकडे तोंड झाकत नसत, पण मामाजी-भासऱ्यांसमोर पदर हवाच. जवळच्या तांड्यावरच्या म्हाताऱ्या बंजारा बायकांचा घुंगटो पाहून वाटायचं, आपलं बरं आहे. मग एका सणाला वडे तळताना पदर सावरायला गेले आणि हातावर तेल उडालं. सासूबाईच म्हणाल्या, "सैपाक करताना राहू दे." पहिली सूट ती. स्वतःला मात्र त्यांनी कधी दिली नाही.

प्रतिभाताई पाटील 2007 ते 2012 राष्ट्रपती होत्या. टीव्हीवर त्या दिसल्या की सासूबाई म्हणायच्या, "डोक्यावर शेव घेऊन राष्ट्रपती झाली, पाय!" खरंच, पदरानं कुणाचं अडत नाही. अडतं ते 'घ्यायलाच पाहिजे' यानं.

मामाजी आता नाहीत. संध्याकाळी त्यांच्या फोटोपुढे दिवा लावताना सासूबाई अजून पदर पुढे ओढतात. माझ्या लेकीनं विचारलं, "आजी, आता कोण पाहतंय?" त्या नुसत्या हसल्या.

ती भीती होती, सवय की माया, मला सांगता येत नाही. तुमच्या घरी पदर कधी उतरला? आणि आधी कुणी 'राहू दे' म्हटलं?