संदेष्टा खरा की खोटा, ओळखायचं कसं?

नायजेरियातल्या लागोसचे दिवंगत धर्मोपदेशक टी. बी. जोशुआ स्वतःला संदेष्टा म्हणवत. २०१६ मध्ये त्यांनी सांगितलं, अमेरिकेत थोडक्या फरकाने एक बाई निवडून येणार. आले ट्रम्प! फेसबुकवरची पोस्ट गायब झाली. मग खुलासा आला, भाकीत एकूण मतांबद्दल होतं म्हणे.

भाकीत कुणाचंही चुकतं. चुकल्यावर माणूस काय करतो, ते बघायचं. १२ सप्टेंबर २०१४ ला त्यांच्या चर्चचं अतिथीगृह कोसळून शंभरावर भाविक गेले, बहुतेक दक्षिण आफ्रिकेतून आलेले. यांनी बोट दाखवलं इमारतीवरून गेलेल्या विमानाकडे. मृत्यूंच्या न्यायालयीन चौकशीत निघालं, बांधकामच सदोष होतं, परवानगीही नव्हती.

गंमत म्हणजे कसोटी बायबलमध्येच आहे. ‘अनुवाद’ या पुस्तकाचा अठरावा अध्याय काढून बघा: देवाच्या नावाने सांगितलेलं घडलं नाही, तर तो शब्द देवाचा नव्हे, त्या माणसाला भिऊ नका. म्हणजे प्रश्न विचारणारा धर्मद्रोही ठरत नाही, तो ग्रंथाचंच ऐकतो.

आपल्याकडच्या बुवा-महाराजांनाही हेच माप लावा. भाकीत तारखेसकट लिहून ठेवा, स्क्रीनशॉट काढा. आणि दिवस उलटला की हिशेब मागा.